आयर्नची एक जागा

लंडन
रविवार, रात्र

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या लांबलचक निरोपाला मी एका अंगठ्याने उत्तर दिले आणि त्यानंतर जो गप्प बसलो तो आज लिहितो आहे. तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर त्या आधीच घालून घे, म्हणजे पुढचे नीट वाचता येईल. प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे, मेधा मजेत आहे.

लिहिण्याचे कारण असे की गुरुवारी सरावाच्या जागी एक गोष्ट घडली. मेधाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मिलिंदला लिही. ढोल-ताशा पथकातले हे जुने भांडण तुझे आणि त्याचे आहे."

फेब्रुवारीतल्या कार्निव्हलसाठी आमच्या स्टील बँडमधले काही जण ट्रिनिडाडमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला जाणार आहेत. आमचा बँड चालवणारे अंकल मूळचे तिथलेच; त्यांच्या जुन्या मोहल्ल्याचा बँड तिथल्या पॅनोरमा या स्टील बँडच्या स्पर्धेत उतरतो आणि लंडनहून दरवर्षी काही हात त्याच्या मदतीला जातात. बहुतेकांच्या जागा ठरलेल्या आहेत. आयर्नवर मात्र एकच जागा रिकामी होती आणि गुरुवारी अंकलने सर्वांसमोर माझे नाव घेतले. आयर्न म्हणजे मोटारीच्या ब्रेकचा जुना ड्रम, जो लोखंडी सळईने वाजवतात. मोठ्या बँडमध्ये शंभरएक वादक असतात आणि त्या सगळ्यांना लयीत धरून ठेवणाऱ्या तालविभागाला तिथे इंजिन रूम म्हणतात. पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपापासून केलेले सुरांचे वाद्य, वाजवायला मला कधीच जमले नाही, कारण स्वर कुठे संपतो आणि माझा गोंधळ कुठे सुरू होतो हे कोणालाच कळत नसे. पण सळई हातात दिल्यावर पहिल्याच दिवशी अंकलने वर पाहिले. नदीपात्रातल्या डासांच्या साक्षीने घोटलेली ताशाची तर्री अशी सातासमुद्रापार कामाला आली.

आता अडचण सांगतो. आयर्न वाजवणारे आमच्यात दोघे आहेत. दुसरी ती नर्स, जिच्याविषयी मी तुला मागे सांगितले होते. रात्रपाळ्या करून ती रजा साठवते आणि साठवलेली सगळी रजा कृष्णवर्णीयांच्या अशा उत्सवांवर खर्च करते. तिची आई जमैकाची आणि वडील बार्बेडोसचे. ती स्वतः इथेच जन्मली. जुलैत न्यू ऑर्लिन्सचा एसेन्स महोत्सव, जो एका कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मासिकाने आपल्या पंचविशीनिमित्त 1995 साली एकदाच करायचा म्हणून केला आणि जो मग थांबलाच नाही. ऑगस्टअखेरीस आमच्या लंडनचे नॉटिंग हिल कार्निव्हल. डिसेंबरात घानातले आक्रा. एकदा मी तिला विचारले की एवढा पैसा घालून गर्दीतच जायचे, तर लंडनमध्ये काय कमी गर्दी आहे? ती म्हणाली की युरोपातल्या एखाद्या सुंदर गावात सुट्टीला गेले की हॉटेलात, दुकानात, समुद्रावर लोक वळून बघतात, वाईट हेतूने नव्हे, पण बघतात. आणि मूळची कुठली हा प्रश्न दोनदा विचारतात. या उत्सवांत हजारोंमध्ये उभी राहिले की कोणी बघत नाही, आणि त्या चार दिवसांत आपले खांदे वर्षभर किती आवळलेले होते ते कळते. मी गप्प बसलो. आपल्याला इथे वेगळ्या नजरा मिळतात, पण त्या नजरांची आणि तिच्या वाट्याला येणाऱ्या नजरांची बरोबरी करण्याचा आगाऊपणा माझ्याने झाला नाही.

मात्र ती भोळी नाही, हेही सांगायला हवे. 1619 साली आफ्रिकन गुलाम व्हर्जिनियात उतरवले गेले त्याला चारशे वर्षे झाली म्हणून घानाने 2019 हे परतीचे वर्ष जाहीर केले आणि परदेशस्थ कृष्णवर्णीयांना घरी बोलावले. त्या नोव्हेंबरात शंभरावर लोकांना नागरिकत्वही दिले. तेव्हापासून आक्र्याचा डिसेंबर म्हणजे जलशांची रांगच झाली आहे. केप कोस्टच्या किल्ल्यातल्या ज्या दारातून माणसे जहाजांवर चढवली गेली, त्या दारात ती खूप वेळ उभी राहिली होती. त्याच संध्याकाळी शहरात परतताना टॅक्सीवाल्याने तिला सुनावले की तुम्ही लोक घरी येता तेव्हा आमच्या घराचे भाडे वाढते आणि कार्यक्रमाचे तिकीट आमच्या आवाक्यात राहत नाही. दोघांचेही बरोबर आहे, असे ती म्हणते. एवढे सगळे पाहिलेल्या या मुलीने ट्रिनिडाड अजून पाहिलेले नाही, ज्या कार्निव्हलमधून नॉटिंग हिलचा जन्म झाला ते पाहिलेले नाही, आणि पर्यटक म्हणून नव्हे तर बँडमध्ये उभे राहूनच ते पाहायचे म्हणून ती आयर्न शिकायला आली होती.

अंकलने माझे नाव घेतले तेव्हा तिने सर्वांच्या आधी टाळ्या वाजवल्या आणि जाताना माझी सळई नीट पुसून पेटीत ठेवली. पथकात पहिल्या ताशाची जागा पिंट्याऐवजी मला मिळाली तेव्हा त्यानेच ताशाचा पट्टा माझ्या गळ्यात घातला होता, तो प्रसंग तुला आठवला असेल. मलाही आठवला, आणि तू माझ्यासमोर नाहीस याचे बरे वाटले.

ते भांडण आता पुन्हा काढतो, कारण त्याशिवाय गत्यंतर नाही. तुझे म्हणणे होते की ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी लग्नात, वरातीत, मिरवणुकीत ताशा-हलगी वाजवून पोट भरले, त्यांची विद्या आपण फेटे बांधून, वर्गणी भरून, पांढऱ्या कुडत्यात छंद म्हणून उचलली. त्यामुळे त्यांच्या सुपाऱ्या गेल्या आणि वर अलका चौकात पहिल्या ताशाची जागाही आपण घेतली. माझे म्हणणे होते, आणि आजही आहे, की त्या वर्षी माझा हात पिंट्यापेक्षा चोख होता आणि हे तूही खासगीत मान्य केले होतेस. तू तत्त्वासाठी ऐन विसर्जनाच्या तोंडावर पथक सोडलेस. (त्याआधी तुझे टिपरू सुटून नगरसेवकाच्या फेट्यावर आपटले होते, तेव्हा पथक तुला सोडणारच होते असे काही जण म्हणतात, मी म्हणत नाही.) आणि पिंट्या काय म्हणाला? "तुम्हाला माझ्या नावानं भांडायला सांगितलं कोणी?" आज त्याचे स्वतःचे पथक आहे आणि तो तुझ्या-माझ्याकडे बघून हसतो, हे तूच मला गेल्या वर्षी कळवलेस.

म्हणजे जागा सोडली तरी पंचाईत आणि धरली तरी पंचाईत. मी मोठ्या मनाने म्हणालो की मी येत नाही, तिला न्या, तर ती उद्या मला पिंट्याचेच वाक्य इंग्रजीत ऐकवेल. अंकलने हात ऐकून निवड केली आहे, दया करून नव्हे. ती जागा माझ्या कृपेने मिळाल्याचे तिला का आवडावे? पण मी गेलो, तर तिथे वाजवताना आपण कोणाच्या जागेवर उभे आहोत हे मला सतत ठाऊक असणार.

मी अंकलशी बोललो नाही असे समजू नकोस. त्यांना मी सरळ विचारले की हे वाद्य तुमचे, हा उत्सव तुमचा, मग माझ्यासारख्याने तिथे उभे राहणे शोभते का? ते खो-खो हसले. म्हणाले की तिथे दरवर्षी जपानहून पोरे येतात आणि आमच्या पोरांपेक्षा आधी सरावाच्या यार्डात हजर असतात. सरावाला येईल त्याचे पॅन. मग त्यांनी मला इतिहास ऐकवला, जो तुझ्यासारख्या ढोलवाल्याला कळवलाच पाहिजे. 1881 साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कार्निव्हलची मशालींची कॅनबुले मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि तुंबळ हाणामारी झाली. पुढे सरकारने चामड्याचे ढोल रस्त्यावर बंद केले. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, मग बिस्किटांचे डबे, मग तेलाची रिकामी पिंपे, आणि त्या पिंपांना ठोकून ठोकून त्यांतून स्वर काढले. ज्या 1884 सालात ढोल बंद झाले, त्याच वर्षी सॅन फर्नांडोमध्ये मोहरमची मिरवणूक काढणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. ते मजूर ताशे वाजवत होते, मिलिंद. कलकत्त्याहून करारावर नेलेले लोक 1845 पासून ते वाद्य तिकडे घेऊन गेले होते. मातीचे भांडे, बोकडाचे कातडे, जाळावर शेकून ताणलेले, सोबतीला मोठा ढोल आणि झांजा. तिथे मोहरमला होसे म्हणतात, आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात अंकल लहानपणी होसेमध्ये ताशा वाजवत असत. माझ्या घरी भिंतीवर टांगलेला ताशा त्यांनी पहिल्या भेटीत काढला आणि असा काही हात वाजवला की मेधा स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या मजुरांत आपल्याकडचा कोणी असल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही, त्यामुळे नात्याचा दावा मी करत नाही. पण तिथे जाऊन तो ताशा ऐकायचा मोह मला किती आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

उलट बाजूही आहे. नर्सबाईनेच मला ब्राझीलच्या साल्व्हादोरमधल्या इले आये या मंडळाविषयी सांगितले. तिथल्या कार्निव्हलच्या मोठ्या मंडळांत कृष्णवर्णीयांना जवळपास प्रवेशच नसे, म्हणून 1974 साली लिबरदाद वस्तीतल्या तरुणांनी फक्त कृष्णवर्णीयांचे मंडळ काढले. पुढच्या वर्षी ते रस्त्यावर उतरले तेव्हा स्थानिक वृत्तपत्राने त्यांनाच वंशद्वेषी ठरवले. ते मंडळ आजही आहे आणि नियमही आहे. हे ऐकून मला तो नियम बरोबर वाटला. हो, मलाच, "पथक सर्वांना खुले पाहिजे" म्हणून तुझ्याशी घसा फुटेस्तोवर भांडलेल्या माणसाला. तू हे वाचून चहा सांडला असशील.

नॉटिंग हिलचेही तसेच. 1958 साली त्या भागात गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले आणि त्याला उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स या ट्रिनिडाडमध्ये जन्मलेल्या संपादिकेने 30 जानेवारी 1959 रोजी सेंट पँक्रसच्या सभागृहात कार्निव्हल भरवला, म्हणजे भर थंडीत, छताखाली. तो रस्त्यावर आला 1966 साली, ऱ्हॉन लॅस्लेट या समाजसेविकेने भरवलेल्या मुलांच्या जत्रेतून रसेल हेंडरसन आपला स्टील बँड वाजवत बाहेर चालू लागला तेव्हा. आता दोन दिवसांत लाखो लोक येतात, श्रीमंत रहिवासी घरांना फळ्या ठोकून गावाला जातात, आणि दरवर्षी कोणीतरी हा प्रकार एखाद्या मैदानात हलवा म्हणून सुचवतो. आपल्या लक्ष्मी रस्त्याविषयी हेच ऐकत आपण मोठे झालो. पण नॉटिंग हिलमध्ये मी निर्धास्त वाजवतो. तिथे जागा भरपूर आहे, बँड चाकांवर ढकलायला माणसे कमीच पडतात आणि माझ्यामुळे कोणी मागे राहत नाही. त्यामुळे माझी अडचण मी कोण आहे ही नाही, अशा निष्कर्षापर्यंत मी आलो आहे. एक सळई आहे आणि हात दोन माणसांचे आहेत, एवढीच ती आहे. मेधा म्हणते की एवढीच असती तर मी चार पाने लिहिली नसती.

एक मार्ग मला दिसतो. अंकलला सांगायचे की दोघांचे पुन्हा ऐका, पण या वेळी आमच्याकडे पाठ करून, आणि तिच्याही कानावर हे आधी घालायचे. तिने ऐकवण्याला होकार दिला तर निकाल लागेल तो लागेल. मी हरलो तर स्वतःच्या तिकिटाने जाऊन पॅनोरमाच्या सव्हाना मैदानाच्या कुंपणाला टेकून ऐकेन. जिंकलो तर वाजवेन. यात एक लबाडी आहे, ती तुला दिसेलच: हात जाणूनबुजून सैल सोडायची सोय मला त्यात आहे, आणि माझी तर्री कुठे लटकी पडते हे ओळखणारा माणूस जगात एकच आहे, जो तेव्हा सहकारनगरमध्ये झोपलेला असेल. म्हणून आधीच विचारतो. तसे करू का नको? पिंट्याच्या वेळी मी मुद्दाम एक हात चुकवला असता तर तू मला मित्र मानले असतेस की नाही?

तुझ्याकडचे काय? काकूंच्या मोतीबिंदूचे झाले का? ईशाला दहावीला बसवताना स्वतः परीक्षेला बसल्यासारखा जागू नकोस. कारखान्यातल्या त्या नव्या साहेबाचे पुढे काय झाले ते सविस्तर लिही, मला खरोखर ऐकायचे आहे. घराच्या गळतीचे बिल्डरने काही केले का?

अंकलला येत्या गुरुवारपर्यंत नाव पक्के करायचे आहे, कारण तिकिटे महाग होत चालली आहेत. तेव्हा बुधवारपर्यंत फोन कर. निरोप टाइप करू नकोस, तू टाइप करताना फार समंजस होतोस. तुमच्या रात्री दहानंतर केव्हाही चालेल. "मी तेव्हाच सांगितले होते" हे वाक्य एकदा म्हणायची परवानगी आहे, दुसऱ्यांदा म्हटलेस तर फोन ठेवीन.

काकूंना नमस्कार, स्मिताला आणि ईशाला आशीर्वाद. (स्मिता आशीर्वादावर चिडेल, मुद्दाम लिहिले आहे.)

तुझा,
शिरीष