ज्यांनी माझ्या नवऱ्यालाही विचारलं, त्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. ओळखणारे ओळखतीलच. नवरा इथे येऊन पोचला, ग्रीन कार्ड पोस्टाने घरी आलं आणि मी तुम्हाला फोन केला, तेव्हा "छान झालं गं, आता त्याला थंडीचे बूट घे" एवढं बोलून तुम्ही विषय संपवलात. आभार ऐकून घेतलेच नाहीत. माझ्या मनात मात्र ते साठून राहिले आहेत, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय जोडीदाराला अमेरिकेत आणायच्या खटपटीत असलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींना आज तेच सल्ले मिळत असतील, जे मला मिळाले होते. त्यांच्यापर्यंत तुमचं वागणं पोचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आमचं लग्न डिसेंबर 2023 मध्ये तासगावला झालं. मी इथली नागरिक, नोकरी न्यू जर्सीत. तो सांगलीत नोकरी करून घरच्या द्राक्षबागेचं बघणारा. अंगाची हळद उतरायच्या आत मी परत आले, जानेवारीत त्याच्यासाठी आय-130 चा, म्हणजे नवऱ्याला इथे आणायचा अर्ज भरला आणि पाठोपाठ टॅक्सचा मोसम सुरू झाला. टॅक्सच्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर वरच्या बाजूला पाच चौकटी असतात. त्यातली एक निवडायची: आपण एकटे, विवाहित, एकत्र भरणार की वेगळं. इतक्या साध्या खुणेसाठी मी किती रात्री जागून काढल्या, हे तुम्हाला माहीत आहे.

ज्यांच्याकडे आधी गेले होते त्यांची नावं घेत नाही, पण ते काय म्हणाले ते लिहिणार आहे. पहिल्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघताच "सिंगल" टाकलं. का, तर वर्ष संपता संपता लग्न झालंय, नवरा इथे राहत नाही, त्याला इथला टॅक्स नंबर नाही, मग कोण बघतंय? नियम अगदी सरळ आहे, तुम्हीच मला तो नंतर सांगितलात: 31 डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहित. नवरा तासगावात असो की टेक्सासमध्ये. आणि "कोण बघतंय" याचं उत्तर असं, की व्हिसाच्या फाइलमध्ये हेच कागद जातात. जानेवारीत आय-130 वर शपथेवर लिहून दिलं की माझं लग्न झालंय, आणि एप्रिलमध्ये टॅक्सच्या फॉर्मवर तितक्याच गंभीर शपथेवर लिहायचं की झालेलं नाही! लग्न खरं आहे की कागदापुरतं, हे तपासायलाच जो अधिकारी बसलेला असतो, त्याच्या हातात आपणच हा विसंवाद नेऊन द्यायचा. मी सही केली नाही, उठून आले.

दुसऱ्या बाईंनी सांगितलं, घर तूच चालवतेस ना, मग "हेड ऑफ हाउसहोल्ड", म्हणजे कुटुंबप्रमुख टाक, कर कमी बसेल. नवरा अनिवासी परदेशी असेल तर हा पर्याय काहींना मिळतोही, पण त्यासाठी मूल किंवा आपण पोसत असलेले आईवडील असं कुणीतरी लागतं. नुसता परदेशातला नवरा त्यात धरत नाहीत. मी एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये एकटी राहत होते. त्यांनी ते विचारलंच नाही.

तिसरं एक ऑफिस, जिथे भिंतभर रिफंडच्या जाहिराती होत्या, त्यांना मला "जॉइंट" मध्ये घालायची घाई झाली होती. त्या वर्षी एकटीला प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, 13,850 डॉलर, एकत्र भरलं तर 27,700. हा फरक त्यांनी कॅल्क्युलेटरवर दाखवला आणि म्हणाले, नवऱ्याचा पासपोर्ट मागवून घ्या, आपण टॅक्स नंबरचा अर्ज रिटर्नला जोडून टॅक्स खात्याच्या ऑस्टिनच्या ऑफिसला पाठवू. त्याला तिकडे पगार किती, हे विचारलं. त्यापलीकडे काही नाही. नवऱ्याला करापुरतं इथलाच रहिवासी धरा, अशा आम्हा दोघांच्या सह्या लागणाऱ्या निवेदनाचा मसुदा तयार होता आणि ज्याची दुसरी सही हवी होती, त्याला त्यात काय लिहिलंय हे कुणी सांगायला तयार नव्हतं.

मग मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही एन्रोल्ड एजंट आहात, म्हणजे आयआरएसची, इथल्या आयकर खात्याची, परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की एक काकू आहेत, मोसमात घरच्या जेवणाच्या टेबलावर काम करतात आणि घाई करत नाहीत.

त्या संध्याकाळी तुम्ही माझे कागद वाचले. सगळे. मग पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, "सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे का?"

काकू, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून कुणी मला हा प्रश्न विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, आहे, त्याच्या बाबांच्या बरोबरीने. तुम्ही म्हणालात, "मग मी तुझ्याशी एकटीशी बोलून काही ठरवणार नाही. सही दोघांची लागते, मग विचारायचं एकीलाच का? लाव त्याला फोन."

इथे रात्रीचे साडेआठ, म्हणजे तिकडे सकाळचे सात. बेदाण्याचा मोसम होता, तो शेडवरच होता. मागे रॅकच्या जाळ्यांवर ओली द्राक्षं पसरलेली, हिरवी आणि पिवळट होत चाललेली, बायका घमेली घेऊन येत-जात होत्या. तुम्ही चष्मा वर सरकवून स्क्रीनजवळ गेलात आणि आधी स्वतःची ओळख सांगितलीत: मी अमुक, माहेर निफाडचं, आमच्याकडेही बाग होती. मग त्याला म्हणालात, "बाबा आहेत का जवळ? त्यांनाही बोलव. बाग त्यांचीही आहे." तो बाबांना आणायला गेला. तुम्ही थांबलात. फोन बांबूला टेकवून ठेवलेला, स्क्रीनवर नुसत्या जाळ्या आणि वरचा पत्रा दिसत होता. तुम्ही हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिलात, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत. पलीकडच्या खोलीत तुमच्यासाठी ताट वाढून ठेवलेलं मला दिसत होतं.

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काय पुरलं असेल, तर हे थांबणं. तोवर माझा नवरा ज्याच्या त्याच्या हिशेबात एक रिकामी जागा होता. नंबर नाही, सही हवी, पासपोर्ट पाठवा. तुम्ही त्याला माणूस म्हणून समोर बसवलंत. त्याच्या बापालाही.

बाबांनी शंका विचारली: आमच्या बेदाण्यावर इथे सरकार कर घेत नाही, मग अमेरिका कशी घेणार? तुम्ही हसला नाहीत. सांगितलंत की भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे बरोबर आहे. पण जोडीने रिटर्न भरायचं ठरवलं, तर अमेरिका त्या वर्षापासून पोराला आपला रहिवासी धरणार, आणि रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न मोजणार. पगार, एफडीचं व्याज, बेदाण्यातला त्याचा वाटा, सगळं. पगारावर तिकडे कर कापला गेलाय, तो काही प्रमाणात इकडे वजा मिळेल. बेदाण्यावर तिकडे कर भरलेलाच नाही, म्हणून वजा करायलाही काही नाही. बाबा गप्प राहिले, मग म्हणाले, "आता समजलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या वाक्याला.

मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने केलेत. एकत्र भरलं तर काय, वेगळं भरलं तर काय. वेगळं भरण्यात माझं नुकसान होतं, आणि ते तुम्ही लपवलं नाहीत: स्टुडंट लोनच्या व्याजाची 2,500 डॉलरपर्यंतची वजावट "मॅरिड फायलिंग सेपरेटली" मध्ये मिळत नाही. एकत्रच्या रकान्यात वजावट दुप्पट होत होती, पण त्याचं उत्पन्नही त्यातच येऊन बसत होतं. शेवटी दोन आकड्यांत फारसं अंतर उरलं नाही. जाहिरातवाल्या ऑफिसने दाखवलेला मोठा फायदा सातबारा मांडल्याबरोबर विरघळून गेला.

आणि मग तुम्ही जे सांगितलंत, ते मी या पत्रात मुद्दाम लिहितेय, कारण त्यावर माझा निर्णय झाला. वेगळं भरलेलं रिटर्न नंतर, मुदतीपासून तीन वर्षांच्या आत, दुरुस्त करून एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मात्र भरायची मुदत उलटली की वेगळं करता येत नाही. आणि अनिवासी जोडीदाराला रहिवासी धरायचा पर्याय एकदा घेऊन मोडला, तर तो पुन्हा घेता येत नाही. "मग जे नंतर बदलता येईल, ते आधी कर. तो इकडे आला की तुम्ही दोघं माझ्यासमोर बसा, तेव्हा बघू." एकत्र रिटर्न आणि त्याच्या नंबरचे कागद केले असते, तर तुमची फी जास्त झाली असती. तुम्ही कमी पैशांचं काम सुचवलंत आणि तेही अर्ध्या फीत केलंत.

पुढचं थोडक्यात. आय-130 मंजूर झाला. मग आय-864, म्हणजे नवऱ्याचा खर्च मी उचलीन असं हमीपत्र. त्यात गरिबी रेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, 2025 साली दोघांच्या कुटुंबाला 26,437 डॉलर. माझा पगार त्याहून बराच वर होता, तरी हात थरथरत होते. काही लोकांनी इथेही घाबरवलं, की वेगळं रिटर्न दिसलं की संशय येतो. तुम्ही फोनवर एकच म्हणालात, "विवाहित आहेस, विवाहितच लिहिलंयस. यात संशय कसला?" 2025 च्या पावसाळ्यात मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत, त्याची व्हिसाची मुलाखत झाली. अधिकारी बाईंनी टॅक्सचे कागद चाळले, रिटर्नवरचं "मॅरिड" बघितलं, लग्नाची तारीख विचारली. त्याने सांगितली. त्या पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. पहिल्या गृहस्थांचं ऐकलं असतं, तर त्या खिडकीपाशी त्याला काय उत्तर द्यावं लागलं असतं, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो. आणि ती चूक निस्तरायला ते गृहस्थ बीकेसीच्या रांगेत उभे राहिले नसते. फॉर्म कुणीही भरो, खाली सही आपली असते.

या देशात आपली माणसं आपल्यालाच घाईत गुंडाळतात, हे मी पाहिलं. भाषा आपली, चहा आपला, आणि सल्ला असा, की ज्याचे परिणाम सांगणाऱ्याला कधी भोगावे लागत नाहीत. त्याचा मला अजून राग आहे आणि तो मी झाकणार नाही. पण त्याच गावात तुम्हीही आहात. ज्ञान पुष्कळांकडे असतं. समोरच्याच्या घरात आणखी कोण कोण आहे, या कागदाने कुणाकुणाचं आयुष्य हलणार आहे, हे विचारायची माणुसकी फार थोड्यांकडे असते, आणि तिच्यासाठी कुठला परवाना मिळत नाही. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीला अशी एक काकू भेटली, तर तिचं माहेर थोडंसं इकडे सरकतं. मी उगाच मोठं बोलत नाही, मला तसंच वाटलं.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. बाग यंदा चांगली आहे.

यंदाचं रिटर्न आम्ही एकत्र भरायचं म्हणतोय, तुम्ही तेव्हा सांगितलं होतं तसं, दोघं तुमच्यासमोर बसून आणि पुन्हा दोन रकाने मांडून. त्याने पगाराच्या स्लिपा, बँकेचे व्याजाचे दाखले आणि बेदाण्याच्या पट्ट्या तारीखवार लावून ठेवल्या आहेत. पुढच्या शनिवारी दुपारी जमेल का, ते कळवा. तुमचं जेवण झाल्यावरच येऊ. आणि या वेळी फी पूर्ण घ्यायची, त्यावर आमचं दोघांचंही एकमत आहे.

तुमची,
तासगावची सून