ब्रॉडवेची तिरकी रेघ

जर्सी सिटी,
१४ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

मुलीकडे येऊन तीन आठवडे झाले आणि काल अखेर न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर जाऊन आलो. १०२व्या मजल्यावर काचेने बंद केलेले दालन आहे. पण मला उघडी हवा हवी होती, म्हणून ८६व्या मजल्यावरच्या गच्चीतच दोन तास काढले. जमिनीपासून ३२० मीटर उंचीवर वारा इतका होता की टोपी हातातच धरून ठेवावी लागली.

ईशान्येला क्रायस्लर इमारत दिसते. तिची उंची ३१९ मीटर, त्यामुळे सुळक्याचे टोक जवळजवळ आपल्या डोळ्यांच्या पातळीत येते आणि रस्त्यावरून मान दुखेपर्यंत वर पाहूनही जे नीट दिसत नाही, त्या एकावर एक चढत गेलेल्या चकचकीत पोलादी कमानी व त्यांतल्या त्रिकोणी खिडक्या समोर उभ्या राहतात. मी तिथेच सर्वांत जास्त रेंगाळलो. नैर्ऋत्येला बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

पण तुला लिहायला बसलो ते दक्षिणेच्या बाजूसाठी. १८११च्या आराखड्यानुसार इथले रस्ते एकमेकांना काटकोनात आखले गेले. ब्रॉडवे मात्र त्याहून जुना, मूळच्या लेनापी लोकांच्या पायवाटेवरून आलेला रस्ता, म्हणून तो तसाच तिरका राहिला. वरून पाहताना तो उजवीकडून येऊन २३व्या रस्त्यापाशी पाचव्या अव्हेन्यूला छेदतो, आणि त्या दोघांच्या बेचक्यात उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यावर १९०२ सालची फ्लॅटआयर्न इमारत उभी आहे, तिचे निमुळते टोक थेट आपल्याकडे रोखलेले. परवा तिच्या पायथ्याशी उभा होतो तेव्हा मला ती वास्तुकाराची हौस वाटली होती. काल कळले की तो आकार पायवाटेने ठरवला आहे.

सिंहगडावर बसून आपण पर्वती शोधायचो, तेव्हा तू मुठेचे वळण आधी पाहायला लावायचास. काल मी तसेच केले, आधी रस्ता शोधला आणि मग इमारत.

सोबत वहीच्या पानावर काढलेला कच्चा नकाशा जोडला आहे. ब्रॉडवेची रेघ लाल शाईने काढली आहे. तुझ्या नववीच्या वर्गात दाखव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद