शंकूला पाय कुठायत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपुरवणीतलं अपोलो ११ चं पान वाचलं. मजकूर चांगला आहे, पण फोटोखाली 'याच यानातून अंतराळवीर चंद्रावर उतरले' असं छापलंय आणि फोटो आहे शंकूसारख्या कोलंबियाचा. आमचा चौथीतला नातू फोटो बघून म्हणाला, "आजोबा, याला पाय कुठायत? उतरलं कशावर?"

कोलंबिया उतरलंच नव्हतं. मायकेल कॉलिन्स त्यात बसून चंद्राभोवती फिरत राहिले. २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन उतरले ते ईगलमधून. चार पायांचं, जागोजागी सोनेरी कागद गुंडाळल्यासारखं ते बेढब यान. कोलंबियाला पृथ्वीच्या हवेत शिरून परत यायचं होतं, म्हणून त्याला तो आकार आणि उष्णतेपासून वाचवणारं कवच. ईगलचा उडताना हवेशी संबंधच येणार नव्हता, मग रूप कशाला हवं?

मी भोसरीत अडतीस वर्षं पत्राकाम केलं, त्यामुळे माझा जीव या ईगलवर. अमेरिकेत लाँग आयलंडच्या बेथपेजमध्ये ग्रमन कंपनीनं ही यानं बांधली. केबिनचा पत्रा काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिमी, म्हणजे आमच्या भाषेत तीस गेज. घरात तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा असेल तर अंगठ्यानं दाबून बघा, टक्कन आत जातो. साधारण तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमपलीकडे पोकळी आणि अलीकडे दोन माणसं! जिथे ताकदीची गरज नाही तिथला धातू रसायनानं खाऊन पातळ केलेला. वजन इतकं नडत होतं की आधीच्या आराखड्यातले पाच पाय चारावर आले आणि खुर्च्या तर काढूनच टाकल्या. उभं राहिलं की डोळे काचेजवळ येतात, मग खिडकी लहान चालते, काचेचंही वजन वाचतं. असा हिशेब करणाऱ्याला मी कारखान्यातला माणूस म्हणतो.

परतताना खालचा भाग तिथेच सोडून वरचा उडायचा. त्याला इंजिन एकच, दुसरं नाही. म्हणून ते होईल तितकं साधं ठेवलं. पंप नाही, हेलियमच्या दाबानं इंधन ढकलायचं. ठिणगीही नाही, दोन द्रव एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात. नसलेला पंप बिघडत नाही, हे शॉपमधल्या पोरांना सांगून माझा घसा बसायचा.

१९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ च्या मुख्य यानात स्फोट झाला तेव्हा तिघा अंतराळवीरांना जगवलं ते याच जातीच्या अ‍ॅक्वेरियसनं. नंतर ग्रमनच्या लोकांनी मुख्य यान बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन रॉकवेलला गमतीनं टोचनचं बिल पाठवलं, तीन लाख डॉलरच्या वर! (भरलं नाही म्हणा त्यांनी.)

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या वेळी चंद्रापर्यंत नेणारं प्रोपल्शन मॉड्यूल वेगळं आणि उतरणारा विक्रम वेगळा, हे आमच्या कट्ट्यावरसुद्धा सगळ्यांना पाठ होतं. विक्रमनं नंतर साधारण ४० सेंटीमीटरची उडी मारली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग माणसांच्या यानांबाबतच सरमिसळ का? माणसांना पुन्हा चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या आर्टेमिस मोहिमेच्या बातम्यांतही 'ओरायन चंद्रावर उतरणार' असं वाचायला मिळतं. ओरायन म्हणजे आजचं कोलंबियाच, त्यालाही पाय नाहीत. उतरणारी यानं स्पेसएक्स आणि ब्लू ओरिजिन या कंपन्यांकडे वेगळी बनतायत.

तेव्हा येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि सोबत ईगलचा फोटो, चारही पाय दिसतील असा. नातवानं वहीत चिकटवायला जागा सोडून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त पत्राकामगार, भोसरी