टाच दाखव, नुसती सांगू नकोस

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद. काल तू फोन मध्येच ठेवलास, त्याचा राग नाही. मुंबईत हिंदमाताला पावसाच्या गुडघाभर पाण्यातून सगळेच चालत होते, हे खरं. पण सगळ्यांच्या टाचा नव्या बुटांनी सोललेल्या नव्हत्या. टाचेचं पुन्हा काढणार नव्हते, निघालंच.

लेप्टोचा ताप आणणारा जंतू, लेप्टोस्पायरा, उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदीर ठणठणीत असतो आणि लघवीतून महिनोन्महिने जंतू सोडत असतो. वाळलं की हा मरतो, क्लोरीननेही मरतो. साचलेल्या पाण्यात आणि चिखलात मात्र आठवडेच्या आठवडे तगतो. दोन्ही टोकांच्या शेपट्या आवरणाच्या आत असल्यामुळे सगळं अंगच मळसूत्रासारखं फिरतं. सोललेली कातडी त्याला उघडं दारच. जाडी जेमतेम 0.1 मायक्रॉन, म्हणजे जंतू गाळायच्या 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही पार होतो. जंतू रंगवून बघायच्या ग्रॅम स्टेनला दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर जंतू चमकताना दाखवणारा डार्क फील्ड मायक्रोस्कोपच लागतो. सातवीत तू माझ्या लॅबमध्ये डोळा लावून ओरडलास, "आई, हँगरचा आकडा!" स्टिम्सन नावाच्या संशोधकाला 1907 मध्ये त्यात प्रश्नचिन्ह दिसलं, म्हणून जातीचं नाव इंटरोगन्स. मला तुझा हँगर जास्त पटला होता. अजून पटतो.

पूर्वी दोनच जाती मानायचे: रोग करणारी इंटरोगन्स आणि निरुपद्रवी बायफ्लेक्सा. आता डीएनएवरून 60 हून जास्त झाल्यात. शिवाय रोगकारकांचे सेरोव्हार, म्हणजे अँटिबॉडीवरून वेगळे ओळखू येणारे उपप्रकार, 250 च्या वर, आणि एकच सेरोव्हार दोन जातींतही सापडतो. झालं माझं लेक्चर सुरू, माफ कर. पण एका सेरोव्हारची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी कामी येत नाही, म्हणून "मला एकदा होऊन गेलाय" हे उत्तर चालणार नाही.

आजच पालिकेच्या दवाखान्यात जा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक पाण्यातून आल्यावर 72 तासांच्या आत घ्यायचं असतं. जखम नसेल तर बहुधा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. जखमेचं गणित वेगळं, ते डॉक्टर ठरवतील. म्हणून टाच दाखव, नुसती सांगू नकोस. गोळी जेवून, पेलाभर पाण्याबरोबर. दूध किंवा अँटासिड सोबत नको, आणि लगेच आडवा होऊ नकोस, अन्ननलिका जळते.

तरी ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले पण चिपडं नाहीत, तर थांबू नकोस. पहिल्या आठवड्यात पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करा म्हणून सांग. अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात, त्याआधीच्या निगेटिव्ह आयजीएमवर, म्हणजे अँटिबॉडीच्या तपासणीवर, विसंबू नकोस. कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या, भानगडीत वेळ घालवू नये, ते उगवायला आठवडे लागतात. ब्रुफेन नको, पॅरासिटामॉलच.

2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, बाबा कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून आले. त्यानंतरचा ऑगस्ट मला आठवायचा नाही.

मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून चिठ्ठी सुमामावशीच्या डब्याबरोबर देतेय. खालच्या कप्प्यात थर्मामीटर आहे. लक्षणं बहुधा दोन आठवड्यांत दिसतात, पण महिनाही लागू शकतो. तोवर रोज रात्री ताप बघ आणि आकडा मला पाठव. नुसता आकडा, बोलायला नको.

तुझी,
आई