मोबाइलच्या खोक्यावर हेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्क्रीनपासून सुट्टी घ्या, अशा अर्थाचा लेख आला होता. लेख वाईट नव्हता, पण वाचताना मला माझ्या टेबलावरचा फायलींचा गठ्ठा आठवला. मी कॅनडा कॉर्नरजवळ एका सीएंच्या ऑफिसात एकवीस वर्षं हिशेबाचं काम करते. आमच्याकडे महिन्याला दोन सण असतात : ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी, दोन्ही जीएसटीची रिटर्न. त्यांच्या आदल्या तीन-चार दिवसांत मला कुणी सुट्टी घ्यायला सांगितली तर मी त्यालाच माझ्या खुर्चीवर बसवीन. ज्यांना स्क्रीन टाळता येते त्यांनी खुशाल टाळावी. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आपण जी स्क्रीन विकत घेतो ती कसली आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलाने मला नवा फोन घेऊन दिला. जुना चालत होता, पण ‘आई, तुझा फोन बघून मला लाज वाटते’ म्हटल्यावर काय बोलणार? नव्याची स्क्रीन देखणी होती. काळा रंग म्हणजे काळाकुट्ट. चौथ्या-पाचव्या दिवसापासून संध्याकाळी माझ्या डाव्या भुवईच्या वर ठणका लागायला लागला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि सोबत मळमळ. कसारा घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलं की होते ना, अगदी तशी. स्वयंपाकघरात फोडणीचा वास आला तरी नको वाटायचं.

आधी डोळ्यांचे डॉक्टर. नंबर फारसा बदललेला नव्हता. डोळे कोरडे पडलेत म्हणाले आणि एक गोष्ट फार छान समजावून सांगितली. एरवी माणसाची पापणी मिनिटाला १५ ते २० वेळा लवते, स्क्रीनकडे टक लावून बसलं की ती ५ ते ७ वर येते. पापणी लवली नाही की डोळ्यावरचा ओलावा पसरत नाही, उडून जातो. ड्रॉप्स दिले, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघा म्हणाले. आमच्या खिडकीतून वीस फुटांवर समोरच्या इमारतीचा पाण्याच्या टाकीचा पाइप दिसतो. तो मला आता तोंडपाठ आहे. पण वाळू गेली, हे खरं.

त्यांनीच आणखी एक विचारलं : ‘चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे ना? मग कॉम्प्युटरकडे बघताना हनुवटी वर करता का?’ करत होते. या चष्म्यात जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. माझा मॉनिटर मात्र इन्कम टॅक्सच्या दोन जाड जुन्या पुस्तकांवर ठेवलेला होता, कारण माझ्या आधी तिथे सहा फूट उंचीचा मुलगा बसायचा. म्हणजे मी दिवसाचे आठ तास आकाशातला पाऊस बघितल्यासारखी मान करून रिटर्न भरत होते. पुस्तकं काढली, पंधरा दिवसांत मान मोकळी झाली. कायद्याची ती पुस्तकं एवढीच कामाला आली म्हणायची.

ठणका आणि मळमळ मात्र जाईना. मग घरोघरच्या डॉक्टरांचा सल्ला सुरू झाला. कुणी निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यायला सांगितला. १,८०० रुपयांचा घेतला. रुपयाचाही फरक पडला नाही. माझी भाची फार्मसी शिकते, तिने नंतर सांगितलं की २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि डोळ्यांचा थकवा निदान थोड्या दिवसांत तरी त्यांनी कमी होतो असं काही दिसलं नाही. शेजारच्या काकूंनी फोनच्या पाठीला चिकटवायला रेडिएशन थांबवणारा स्टिकर आणून दिला. त्यांचं मन मोडवेना म्हणून चिकटवला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगून ठेवलंय की मोबाइलसारख्या उपकरणांच्या लहरी बाधतात म्हणणाऱ्या लोकांना होणारा त्रास खरा असतो, पण तो लहरींमुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला दुसऱ्यापेक्षा जास्त आवडतो. कारण मला तोपर्यंत सगळे सांगत होते की त्रासच खरा नाही. एका डॉक्टरांनी वय विचारलं, ‘एकोणपन्नास’ म्हटल्यावर मान डोलावली आणि पुढचं काही विचारलंच नाही. बायकांच्या पन्नाशीवर सगळी दुखणी जमा करता येतात, हे एक बरं खातं आहे.

सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं : ब्राइटनेस कमी कर. मी केला. अगदी खालपर्यंत ओढला. त्रास वाढला.

हिशेबात ताळमेळ बसत नसेल तर आम्ही वही काढतो. मीही दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले : तारीख, कोणती स्क्रीन, किती मिनिटं, ब्राइटनेस किती, आणि शेवटी डोकं. दीड महिना लिहिलं. जुना फोन दोन तास बघितला तरी डोकं ठीक. नवा फोन दुपारी गच्चीवर वाळवणाची राखण करताना, ब्राइटनेस पूर्ण : ठीक. तोच फोन रात्री अंथरुणात, ब्राइटनेस अगदी कमी : वीस मिनिटांत ठणका. सगळं उलटंच. जास्त उजेडाने त्रास नाही आणि कमी उजेडाने आहे. मलाच माझ्या नोंदींवर विश्वास बसेना.

कोडं सोडवलं माझ्या मोठ्या दिरांनी. आयटीआय झालेले, उभं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर गेलेलं. वही चाळली आणि पेन्सिल मागितली. मला वाटलं काही लिहून देणार. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, फोनवर एक कोरं पांढरं पान उघडलं, ब्राइटनेस पूर्ण ठेवला आणि स्क्रीनसमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवली. नुसता धूसर पट्टा दिसला. मग ब्राइटनेस खाली ओढून पुन्हा हलवली. एका पेन्सिलीच्या दहा-बारा पेन्सिली दिसल्या, सुट्या सुट्या, फणीच्या दातांसारख्या.

‘लुकलुकतोय तो,’ ते म्हणाले. ‘आमच्या ट्यूबलाइटसारखा.’

मग लेथची गोष्ट सांगितली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही. पण त्या उजेडात लेथचा फिरता चक, म्हणजे काम पकडून ठेवणारा जबडा, विशिष्ट वेगाला चक्क थांबल्यासारखा दिसतो, आणि थांबलाय समजून कुणी हात घातला की संपलं. म्हणून कारखान्यात शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकतात आणि मशिनवर एक साधा बल्ब लावतात. आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. माझ्या फोनमध्येही तेच चाललं होतं. नळाची धार बारीक करायची तर तोटी थोडी फिरवायची, हा झाला सरळ मार्ग. पण माझ्या नव्या फोनसारख्या पुष्कळ ओएलईडी (ठिपका न् ठिपका स्वतः उजळणाऱ्या) स्क्रीन तोटी फिरवत नाहीत, ती पूर्ण उघडतात आणि पूर्ण बंद करतात, सेकंदाला २४० वेळा, काहींत ४८० वेळा. ब्राइटनेस जितका कमी, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. म्हणजे मी रात्री डोळ्यांना आराम म्हणून उजेड कमी करत होते आणि प्रत्यक्षात अंधाराच्या थपडा वाढवून घेत होते. जुना फोन एलसीडीचा होता, त्याच्या मागचा दिवा खरोखर मंद व्हायचा. (सगळ्याच एलसीडी अशा शहाण्या नसतात, काही तिथेही लुकलुकतात.)

हा सगळ्यांना होणारा त्रास नाही, हे मला मान्य आहे. आमचे हे त्याच फोनवर रात्री बारापर्यंत क्रिकेट बघतात आणि साडेबाराला घोरतात. अर्धशिशीवाल्यांना असा उजेड जास्त बाधतो म्हणतात, आणि माझ्या आईला अर्धशिशी होती. पण हे माझ्या मनाचे खेळही नव्हेत. इंग्लंडमध्ये १९८९ साली ऑफिसमधल्या ट्यूबलाइटवर एक अभ्यास झाला. कर्मचाऱ्यांना न सांगता जुन्या चोकच्या जागी फार वेगाने चालणारे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्यावर आला. २०१५ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने एलईडी दिव्यांची लुकलुक किती असावी याच्या शिफारशीही काढल्या. शास्त्राला ठाऊक आहे, टर्नरला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते गिऱ्हाइकाला.

मग मी एम. जी. रोडवर फोन बघायला गेले, पर्समध्ये पेन्सिल घेऊन. काउंटरवरचा मुलगा कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती, चार्ज किती मिनिटांत हे घडाघडा बोलला. मी विचारलं, ‘ब्राइटनेस कमी केल्यावर स्क्रीन किती हर्ट्झने लुकलुकते?’ तो म्हणाला, ‘१२० हर्ट्झ, एकदम स्मूथ.’ तो सांगत होता चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. माझा प्रश्न वेगळा होता. शेवटी मी पेन्सिल काढली आणि डेमोच्या फोनवर ब्राइटनेस खाली ओढून हलवायला लागले. शेजारच्या काउंटरवरचं एक जोडपं आपलं बोलणं थांबवून बघत होतं. मुलाला आधी वाटलं मावशींचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या फोनवर त्यालाही फणी दिसली, तेव्हा त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि दुकानातले सात फोन स्वतःच तपासले. दोनांत फणी नव्हती. ‘मॅडम, मला पण रात्री डोकं दुखतं,’ शेवटी हळूच म्हणाला. मी काही घेतलं नाही, तरी चहा पाजला बिचाऱ्याने.

आता मुद्दा. फ्रिज घेताना त्यावर तारे असतात, वीज किती खाणार ते लिहिलेलं असतं. बिस्किटाच्या पुड्यावर मीठ-साखर असते. मग फोनच्या, टीव्हीच्या, लॅपटॉपच्या खोक्यावर एक ओळ का नको : उजेड कोणत्या पद्धतीने कमी होतो आणि लुकलुक सेकंदाला किती? कंपन्यांना हे जमत नाही असं मुळीच नाही. कित्येक मॉनिटरच्या खोक्यावर ‘फ्लिकर फ्री’ छापलेलं असतं. काही फोनच्या जाहिरातीत १९२० किंवा ३८४० हर्ट्झ डिमिंग मोठ्या अक्षरांत मिरवतात, कारण लुकलुक जितकी वेगाची तितकी ती कमी बाधते. जिथे आकडा चांगला तिथे जाहिरात, जिथे वाईट तिथे मौन. आमच्या धंद्यात ताळेबंद असा लिहिला तर नोटीस येते. ग्राहक पंचायतीने आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी हा विषय लावून धरावा, एवढंच मागणं आहे.

जाता जाता त्याच जातीचं आणखी एक. शहरातल्या चौकांत मोठमोठे एलईडी फलक लागले आहेत. आमच्या सिटीलिंक बसच्या वाटेवरचा एक तर सिग्नलच्या बरोबर मागे आहे, आणि एका जाहिरातीत तो लाल-पांढरा, लाल-पांढरा असा भकाभक उघडमीट करतो. रात्री बस तिथे थांबली की मी डोळे मिटून घेते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा चमकला आणि सहाशेहून जास्त मुलांना इस्पितळात न्यावं लागलं, काहींना झटके आले. त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी नियम केले. २०२७ च्या सिंहस्थासाठी इथे आणखी फलक लागतील. ते लावायला जरूर द्यावेत, पण परवानगीच्या कागदावर रात्रीच्या उजेडाची मर्यादा आणि उघडझाप करायची नाही एवढी अट महापालिकेने घालावी. लाखो माणसं रामकुंडाच्या वाटेवर असतील, त्यांत फिट येणारेही असतीलच.

माझं म्हणाल तर सध्या भागलंय. नव्या फोनचा ब्राइटनेस ८० टक्क्यांच्या खाली येऊ देत नाही आणि रात्री ‘एक्स्ट्रा डिम’ नावाची सोय वापरते. ती स्क्रीनच्या दिव्याला न छेडता चित्रच काळपट करते, माझ्या फोनवर तरी तिने फणी दिसत नाही. अंधारात फोन बघणं बंद. वहीत गेल्या महिन्यात ठणक्याच्या फक्त दोन नोंदी आहेत, आणि दोन्ही २० तारखेच्या.

हे पत्र हाताने लिहून भाचीकडून फोटो काढून पाठवतेय, कारण आपल्या पानावर पोस्टाचा पत्ता आता छापत नाहीत. अक्षर लागलं नाही तर फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅप शक्यतो ११ आणि २० सोडून.

आपली,
एक हिशेबनीस वाचक
इंदिरानगर, नाशिक