पिवळी पट्टी

ब्रुकफील्ड, विस्कॉन्सिन
१२ एप्रिल २०२५

प्रिय अभ्या,

नेदरलँड्सहून तुझं पत्र पोचलं. "विल्डर्स आल्यापासून आमचंही तुमच्यासारखंच झालंय" हे वाक्य वाचलं. म्हणजे त्या कडव्या उजव्या नेत्यामुळे तिथेही अमेरिकेसारखेच दोन तट पडलेत, असं तुझं म्हणणं. तुला लगेच फोन लावणार होतो. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हॉस्टेलपासूनची तुझी खोड. म्हणून लिहूनच भांडतो.

१ एप्रिलला इथे मतदान झालं. नागरिकत्व मिळाल्यापासून मी मतदान केंद्रावर काम करतो, हे तुला माहीत आहेच. पहाटे उठून जायचं, रात्री नऊला सुटका, आणि मानधन म्हणशील तर हातखर्चापुरतं. निवडणूक होती राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या एका जागेची. हो, इथे न्यायाधीशसुद्धा लोक निवडून देतात. कायद्याने ही निवडणूक पक्षविरहित, मतपत्रिकेवर पक्षाचं नावही नसतं. आणि या पक्षविरहित खुर्चीसाठी जवळजवळ १० कोटी डॉलर ओतले गेले. मतदानाच्या दोन दिवस आधी इलॉन मस्क ग्रीन बेला येऊन दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक देऊन गेला, भर सभेत. आपल्या आयडिया कुठेतरी तोकड्याच पडल्या म्हणायच्या.

आमच्या केंद्रावर जमिनीवर चिकटपट्टीने एक चौकोन आखलेला असतो. त्यात दोन्ही बाजूंचे निरीक्षक उभे राहतात. कायदा असा की त्यांची जागा आमच्या टेबलापासून किमान ३ फूट आणि जास्तीत जास्त ८ फूट हवी. इथे प्रत्येक मतदार आपलं नाव-पत्ता मोठ्याने सांगतो, आणि ते या लोकांना ऐकू गेलं पाहिजे. आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी या वेळी मुद्दाम पिवळी पट्टी आणली. निळी लावली तर डेमोक्रॅटांची, लाल लावली तर रिपब्लिकनांची. त्या हे हसत बोलल्या, पण पट्टी खरोखरच बदलली होती. चौकोनात दिवसभर दोन बायका उभ्या होत्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. तेरा तासांत एक शब्द नाही. एकीने थर्मासमधून कॉफी ओतली, दुसरीने खिडकीकडे तोंड केलं.

आता मजा ऐक. त्याच मतपत्रिकेवर दुसरा प्रश्न होता: मतदानाला फोटो ओळखपत्र लागेल, ही अट राज्यघटनेत घालायची का? हा रिपब्लिकनांचा आग्रह. तो १०० पैकी जवळपास ६३ लोकांनी मान्य केला. आणि न्यायाधीश म्हणून निवडून कोण आलं, तर डेमोक्रॅटांचा पाठिंबा असलेल्या सुझन क्रॉफर्ड, ५५ टक्क्यांनी. म्हणजे हजारो लोकांनी एकाच कागदावर दोन्हीकडे काळं केलं! मतं एवढी टोकाची नाहीतच रे. एकमेकांचं तोंड बघवत नाही, हा आजार निराळा.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षिका बसतात. २०११ मध्ये गव्हर्नर वॉकरने सरकारी नोकरांच्या युनियनचे वाटाघाटीचे हक्क जवळपास काढून घेतले. शिक्षक मॅडिसनच्या विधानभवनात ठाण मांडून बसले होते, आणि मतदान टाळायला १४ डेमोक्रॅट सिनेटर राज्याबाहेर इलिनॉयला पळाले होते. या बाई तेव्हा आंदोलनात. बहिणीचा नवरा दुग्ध व्यावसायिक, त्याचं म्हणणं, आमच्या करावर तुमची पेन्शन का? तेव्हापासून थँक्सगिव्हिंगला दोन पंगती. बहिणीकडचे गुरुवारी जेवतात, या शुक्रवारी जाऊन उरलेली टर्की गरम करून खातात. "चौदा वर्षं झाली," म्हणाल्या, आणि पुढच्या मतदाराचं नाव शोधायला लागल्या.

आपल्याकडे सोयरिकीवरून समाज कळतो ना? इथेही तेच. १९६० साली लोकांना विचारलं होतं, तुमच्या मुलाने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? तेव्हा दोन्हीकडे जेमतेम पाच टक्के हो म्हणाले. २०१० मध्ये विचारलं, तर रिपब्लिकनांपैकी निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश. जात म्हणतात ती हीच.

आणि फोनला, फेसबुकला दोष देऊन मोकळा होऊ नकोस. तीन अर्थतज्ज्ञांनी १२ देशांची चाळीस वर्षांची सर्वेक्षणं तपासली: स्वतःचा पक्ष किती आवडतो आणि समोरचा किती, थर्मामीटरसारखे ० ते १०० गुण. अमेरिकेत १९७८ मध्ये हे अंतर सुमारे २७ होतं, २०१६ मध्ये ४६. इतकी वाढ दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. फ्रान्स, कॅनडा, स्वित्झर्लंडमध्येही वाढलं, पण जर्मनी, स्वीडन, नॉर्वेत चक्क कमी झालं. इंटरनेट काय तिथे नाही? तुझा देश त्यात नव्हता, म्हणून त्याचं मी माझ्या अकलेने सांगतो.

विल्डर्सला २०२३ मध्ये १५० पैकी ३७ जागा मिळाल्या, सगळ्यांत जास्त. तरी पंतप्रधान झाला का? सरकारात सोबत लागणाऱ्या बाकीच्या तीन पक्षांनी मान डोलावली नाही, आणि कुठल्याच पक्षात नसलेला स्कोफ खुर्चीवर बसला. तुमच्याकडे १५ पक्ष संसदेत. आज ज्याला शिव्या घातल्या त्याच्याशी उद्या मंत्रिमंडळ जुळवायचं, मग शिवी जरा जपूनच निघते. २०२१ ला तर सरकार जुळवायला २९९ दिवस लागले, तू वैतागून लिहिलं होतंस. आपण मराठी माणसं २०१९ पासून हेच शिकलो: कुणाशी कायमचं वैर धरावं, तर तो पहाटे आपल्याच बाजूला शपथ घेताना दिसतो. इथे दोनच. एक जिंकला की दुसरा हरलाच, मधे बसायला जागा नाही.

शिवाय १९८७ मध्ये इथे वाहिन्यांनी दोन्ही बाजू मांडाव्यात हा नियम काढला. आता आमच्या जिममधला एक टीव्ही लालांचा, एक निळ्यांचा, आणि ट्रेडमिल त्यानुसार भरतात. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर गेल्या नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीपासून फक्त गणपती आणि पुरणपोळीची ऑर्डर एवढ्यालाच परवानगी आहे.

तुमचं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणत नाही. तुमचा राजकीय नेता पिम फोर्टाऊनचा २००२ मधला खून, नंतर चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हान गॉगचा, हे मी विसरलेलो नाही. पण "तुमच्यासारखंच" हे मागे घे.

रात्री आठला दारं बंद झाली. मशीनमधून निकालाची लांब पट्टी निघाली, तेव्हा चौकोनातल्या दोघी एकाच वेळी पुढे वाकल्या. आकडे जुळले. मग गुडघे टेकून मी जमिनीवरची पिवळी पट्टी ओढून काढली. निघता निघत नव्हती.

जूनमध्ये येतोयस ना? २०२२ च्या नगरपालिका निवडणुकीत तू मला फोटो पाठवला होतास, चादरीएवढी मतपत्रिका आणि हातात ती लाल पेन्सिल. तसली एक आण. दुकानातली चालणार नाही.

तुझा,
सुन्या