बी-२० वापरल्याचे कारण देऊन नाकारलेल्या वॉरंटीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ट्रॅक्टरच्या इंधन पंपाची वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा ट्रॅक्टर मी घेतला तो त्याला बायोडिझेल चालते हे पाहूनच. माहितीपुस्तिकेत इंधनाच्या पानावर स्पष्ट छापले आहे की प्रमाणित बायोडिझेलचे २० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण, म्हणजे बी-२०, या इंजिनात वापरता येते. विक्रीच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने तेच पान उघडून दाखवले होते. आता पंप गळू लागल्यावर आपण इंधनावर बोट ठेवून वॉरंटी नाकारली आहे. हा निर्णय मला मान्य नाही.

ऐन पेरणीत सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेले. बोटांत चोळून पाहिले तर पातळ पाणी झालेले, आणि डिझेलचा वास. इंजिनातले ऑइल आपोआप वाढत नाही. इंधन कुठून तरी आत उतरत होते हे उघड होते. ट्रॅक्टर चालू न करता सर्व्हिस सेंटरला कळवले. मेकॅनिकने पंप उतरवला तेव्हा पंपाच्या शाफ्टचे सील गेलेले निघाले. इंधन टायमिंग केसमधून, म्हणजे इंजिनाच्या गिअरांच्या कप्प्यातून, थेट ऑइल चेंबरमध्ये जात होते. हे निदान त्याने बरोबर केले, त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे मात्र त्याने टाकीचे झाकण काढले, वास घेतला आणि जॉब कार्डवर लिहिले: "टाकीत गोडेतेल वापरले आहे. वॉरंटी लागू नाही." टाकीतला नमुना घेतला नाही, तपासणीला पाठवला नाही. वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या बायोडिझेलला तळणीसारखा वास येऊ शकतो. नुसत्या वासावरून टाकीत काय आहे ते ठरवता येत नाही.

कच्चे, म्हणजे प्रक्रिया न केलेले वनस्पती तेल आणि बायोडिझेल यांत मोठा फरक आहे. तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की जे मिथिल एस्टर उरते ते बायोडिझेल. ४० अंश सेल्सिअसला कच्च्या वनस्पती तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, साधारण ३० ते ४० सेंटिस्टोक असते. ईएन १४२१४ हे युरोपीय मानक शुद्ध बायोडिझेलसाठी ३.५ ते ५ सेंटिस्टोकची मर्यादा घालते, आणि साधे डिझेल २ ते ४.५ च्या दरम्यान असते. मी भरतो ते मिश्रण डिझेलच्याच जवळचे आहे. पुरवठादाराचे प्रमाणपत्र आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आता आपल्याच जॉब कार्डची दुसरी बाजू पाहावी. कच्चे तेल जाळले तर इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नोझलच्या तोंडाशी काजळी घट्ट बसते, फवारा बिघडतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि चेंबरमधले ऑइल हळूहळू दाट होत जाते. माझे इंजेक्टर आपल्याच सर्व्हिस सेंटरने टेस्टरवर लावले, आणि कार्डवर शेरा आहे "फवारा ठीक". ऑइल दाट नव्हते, पातळ झाले होते. म्हणजे आपल्या माणसानेच नोंदवलेली लक्षणे त्याने काढलेल्या निष्कर्षाशी जुळत नाहीत. हा कागद आपल्या कार्यालयात कोणी वाचला की नाही, हा माझा प्रश्न आहे.

विभागीय व्यवस्थापकांनी फोनवर सांगितले की डिझेल इंजिन हे डिझेलसाठीच बनलेले असते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते, आणि रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे स्वतः ते नमूद केले. अर्थात त्या काळचे इंजिन आणि आजचे बारीक छिद्रांचे इंजेक्टर यांची तुलना होत नाही, म्हणून कच्चे तेल चालवून घ्या असे माझे म्हणणेच नाही. जे आपण पुस्तिकेत लिहून दिले, तेवढेच पाळा एवढे मागतो आहे.

पुस्तिकेतील अटी मी पाळल्या आहेत. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलला. ऑइलही सांगितलेल्या मुदतीआधी बदलत आलो. बायोडिझेलमुळे नायट्राइल रबर फुगते किंवा मऊ पडते, विशेषतः मिश्रणाचे प्रमाण जास्त असेल तर, हे कारखानदारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून अशा इंजिनांत फ्लुओरोइलास्टोमर या बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराची सील वापरतात. बी-२० चालते असे छापणाऱ्या कंपनीने या पंपात कोणत्या रबराचे सील बसवले आहे, ते मला लेखी कळवावे.

पुस्तिकेतली आणखी एक उणीव इथेच सांगतो, कारण तिचा त्रास माझ्यासारख्या अनेकांना होईल. शेतीची यंत्रे वर्षभर चालत नाहीत. कापणीयंत्र हंगाम संपला की महिनोन्‌महिने उभे असते. बायोडिझेल हवेने खराब होते, पाणी ओढते आणि त्या पाण्यात जंतू वाढून फिल्टर तुंबतो. अशा उभ्या यंत्राच्या टाकीत काय ठेवावे, किती काळ ठेवावे, थंडीत मिश्रण गोठू लागले तर काय करावे, याबद्दल एक ओळ नाही. हायड्रोजन प्रक्रिया केलेल्या तेलापासूनचे डिझेल हा तर तिसराच प्रकार, त्याचे मानक ईएन १५९४० वेगळे, पण आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्याला सरसकट "तेल" म्हणतात. प्रत्येक मॉडेलला कोणते इंधन किती टक्क्यांपर्यंत चालते याचा तक्ता काढून तो सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर लावा. वापसा आलेला असताना ट्रॅक्टर शेडमध्ये अडकून पडला की काय होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

माझी मागणी अशी आहे: टाकीतील इंधनाची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. ते मानकात बसले तर पंपाची दुरुस्ती, बदललेले ऑइल आणि फिल्टर यांचा पूर्ण खर्च कंपनीने सोसावा आणि जॉब कार्डवरील शेरा दुरुस्त करून द्यावा. बसले नाही तर तो अहवाल मला द्यावा, म्हणजे मी पुरवठादाराला जाब विचारेन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

पंप उतरवला त्याच दिवशी टाकीतले इंधन मी स्वतः मेकॅनिकसमोर दोन बाटल्यांत भरून सीलबंद केले आहे आणि लेबलवर त्याची सही घेतली आहे. एक बाटली आपल्या माणसाने पोच देऊन घेऊन जावी, दुसरी माझ्याकडे राहील.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्डच्या दोन्ही बाजूंची प्रत, इंधनाच्या पावत्या व पुरवठादाराचे प्रमाणपत्र, माहितीपुस्तिकेतील इंधनाच्या पानाची प्रत